हॉट अँड कोल्ड खोली

लाईन गेली तेव्हा पाहुणे जेमतेम चहा पिऊन खोलीत गेले होते.

"येते आत्ता, पाच मिनिटांत येते," आमचे हे अंगणात उभे राहून वरच्या तारांकडे बघत म्हणाले. डोळे वटारले की तारेतून वीज येते असा त्यांचा समज असावा. जानेवारी होता. दिवस बुडाला की आमच्या मोहबोडीत जंगलाकडून हिव उतरायला लागतं, आणि त्या वर्षी तर कोंबड्यासुद्धा चुलीपाशी येऊन बसत होत्या.

"लाईनमनले फोन तं लावा," मी म्हटलं.

"लावला. डीपी जळाली म्हणते. उद्या दुपारपर्यंत काही खरं नाही."

"मंग पाच मिनिटं कुठून काढले?"

 ते दोन नंबरच्या खोलीकडे बघत होते. ती खोली म्हणजे त्यांचा जीव होता, आणि त्या संध्याकाळी तिचाच श्वास बंद पडला होता.

जंगल पाहायला लोक यायला लागले तेव्हा गावात घरोघर पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. आमची एक नंबरची खोली जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरातलीच. माती, बांबू, वर कवेलू, आणि खिडकीत कूलर. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कावळा बाहेर पडत नाही, पण वाघ पाण्यावर येतो म्हणून शहरातले पाहुणे नेमके तेव्हाच येतात आणि मग "कित्ती गरम होतं हो!" म्हणून आमच्याकडे बघतात, ऊन आम्हीच पेटवलं असल्यासारखे. म्हणून ह्यांनी अंगणाच्या पलीकडे स्लॅबची दोन नंबरची खोली बांधली आणि चंद्रपूरहून एसी आणला. साधा नाही, हॉट अँड कोल्ड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम. दुकानदाराने सांगितलेलं वाक्य ह्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की शेजारची शेळीही ते म्हणू शकली असती.

पहिल्याच मेमध्ये एका पाहुण्याने तक्रार केली, की फटींतून गरम वारा येतो, खोली गार होत नाही. झालं. ह्यांनी वरचे दोन्ही झरोके सिमेंटने बुजवले. सरकत्या खिडकीच्या कडांना ती पांढरी चिकट पेस्ट भरली, दाराखाली रबराची पट्टी ठोकली. "आता मुंगीले बी आत जायचं तं विचारून जा लागन," असं म्हणून ते दारात उभे राहिले, फोटो काढून घेण्यासाठी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, त्या एकदाच त्या खोलीत जाऊन बसल्या आणि लगेच बाहेर आल्या. "गार हाये," त्या म्हणाल्या, "पण जीव कोंदते." आम्ही हसलो. म्हाताऱ्या माणसाला एसी सोसत नाही, असं धरून चाललो.

दुसरी तक्रार माझ्यावर होती. मला लोकांची काळजी करायला कारण लागत नाही, तो माझा स्वभावच आहे. भर दुपारी पाहुणे उन्हाने हैराण झाले असतील म्हणून मी पन्हं घेऊन दार वाजवलं. मग कांदा घेऊन वाजवलं. मग पन्हं आवडलं का ते विचारायला वाजवलं. त्यांच्यातल्या बाईंनी जाताना अभिप्रायात लिहून टाकलं, की घरच्या काकू प्रेमळ आहेत, पण सारखं दार ठोठावतात, झोप मिळत नाही. ह्यांनी ते घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि नियम केला. पाहुणा खोलीत गेला आणि दार लागलं, की त्या दाराला हात लावायचा नाही. आग लागली तरच. आणि आगसुद्धा मोठी असेल तर.

त्या दिवशीचे पाहुणे ठाण्याचे होते. सौमित्र आणि ऋचा, आणि त्यांची पाच महिन्यांची ईरा. सौमित्रला वाघाचं वेड होतं. बाळामुळे ऋचा जंगलात जाणार नव्हती, नुसती हवापालट म्हणून आली होती. खोलीत गरम एसी आहे असं ह्यांनी फोनवर छातीठोक सांगितलं होतं, म्हणून तर एवढ्या थंडीत बाळ घेऊन आले. आणि आता एसी भिंतीवर मुका बसला होता.

"सर, सॉरी, टेक्निकल प्रॉब्लेम आहे," हे दारात उभे राहून सांगत होते. पाहुण्यांशी बोलताना ह्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. "ब्लँकेट्स एक्स्ट्रा देतो. गरम पाणी देतो."

"आम्हाला चालेल हो," सौमित्र म्हणाला, "बाळाचं काय करायचं?"

हे पुन्हा तारांकडे बघायला लागले. उत्तर आत्याबाईंकडे होतं. त्यांनी चुलीपाशी बसल्याबसल्या हाक मारली, "पोरीले इकडे पाठव. लेकरू घेऊन ये म्हना चुलीपाशी."

ऋचा आली. चुलीचा उजेड तोंडावर पडला तेव्हा कळलं, किती थकलेली होती ती. डोळ्यांखाली काळं, हात गार. आत्याबाईंनी तिच्या मांडीवरून ईराला उचललं आणि पायांवर आडवं घेतलं. त्या ऐंशीच्या घरात होत्या, पण बाळ हातात आलं की हातांचं वय उतरायचं. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच पहिली आंघोळ घातली होती, अर्ध्या बाळंतिणींना शेकलं होतं.

"किती महिन्याची?"

"पाच झाले आजी."

"मंग अजून बाळंतीनच हायेस तू. शेक घेतला का?"

ऋचा हसली. "फ्लॅटमध्ये कुठे शेक आजी. मालिशवाली बाई महिनाभर आली. बाकी मोबाईलवर बघून केलं."

"अन् माय?"

"आई नाहीये. मी कॉलेजात असताना गेली."

आत्याबाईंचा हात बाळाच्या पोटावर थांबला. त्यांनी एक लाकूड पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "बिनमायची बाळंतीन. कोनं पाह्यलं असंल इचं." ते त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण ऋचाने ऐकलं, आणि तिने मान खाली घातली.  परक्या मुलीने आपल्या चुलीपाशी बसून रडू नये म्हणून मी उगाच तिला गुळाचा खडा दिला.

पहाटे ह्यांनी सौमित्रला जिप्सीत बसवलं आणि जंगलाच्या गेटपर्यंत सोडून आले. उघड्या गाडीतून हिवात जायचं म्हणून मी त्याला ह्यांची कानटोपी दिली, आणि त्याने ती आनंदाने घातली. ऋचा दारात बाळ घेऊन उभी होती. रात्रभर बाळ रडलं होतं आणि ती बाळाला छातीशी धरून बसून राहिली होती, हे तिने सांगायची गरज नव्हती. तिचे ओठ थंडीने निळसर झाले होते.

"दे इकडे," आत्याबाईंनी हात पसरले. "मी न्हाऊ घालतो, उन्हात ठेवतो. तू जा, आंग टाक."

"आजी, उठली तर दूध लागेल तिला."

"उठन तवा आनून देऊ. जा."

मी पाहत होते. आत्याबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं आणि चुलीतले बाभळीचे निखारे जुन्या घमेल्यात काढले. अंगणात नेऊन सुपाने वारा घातला, धूर पार निघून जाईपर्यंत. एकेक अर्धवट जळलेलं लाकूड चिमट्याने बाहेर काढलं. "धूर नको पोरीले," त्या पुटपुटत होत्या. मग वर थोडी राख भुरभुरवली, म्हणजे इस्तो जास्त वेळ टिकतो, आणि फडक्यांनी कडा धरून घमेलं दोन नंबरमध्ये नेलं. पलंगाशेजारी विटांवर ठेवलं. आमच्याकडे असंच करतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत बाजेखाली हेच घमेलं होतं. त्या आधी ह्यांच्या वेळी, आत्याबाईंच्या स्वतःच्या बाजेखाली.

"आहाहा," ऋचाचा आवाज आला. "आजी, काय छान वाटतंय. पहिल्यांदाच ऊब आली."

"दार लावून घे," आत्याबाई म्हणाल्या, "हिव येते."

आतून कडी लागल्याचा आवाज झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. पाहुणे काकडले, बाळाला सर्दी झाली, हे सगळं मी अंथरुणात पडून जगून घेतलं होतं. आता एक माणूस तरी ऊबदार झोपलं होतं.

ईराला तेल लावलं, न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली. ती अंगणात उन्हात बाजेवर झोपली, गाल तांबडे, मूठ तोंडापाशी. आत्याबाई तिच्या उशाशी बसल्या. मी भाकरी थापायला घेतल्या. हे तारांखाली उभे राहून लाईनमनशी भांडत होते. सगळं कसं छान चाललं होतं, आणि नेमकं सगळं छान चाललं की माझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकते.

ईरा उठली. आधी कुरकुरली, मग रडायला लागली. भुकेचं रडणं ओळखू येतं.

"आना तिच्या मायले," आत्याबाई म्हणाल्या.

मी हात धुऊन बाळ उचललं आणि दोन नंबरकडे निघाले. हे आडवे आले.

"कुठं?"

"दूध पाजायले. आनखी कुठं?"

"रातभर जागी हाये ती. झोपू दे थोडी. मागच्या टाईमाले काय झालं ध्यानात नाही का तुह्या?"

"तेव्हा पन्हं होतं. हे लेकरू हाये."

"दहा मिनिटं. मॅडम उठतीन आपोआप."

मी परत फिरले. वाटीतलं कोमट पाणी चमच्याने ईराच्या तोंडाला लावलं. तिने ते थुंकलं आणि आमच्या सर्वांच्या बापाचा उद्धार केल्यासारखी किंचाळली. आत्याबाई तिला पायांवर हलवत होत्या. "उठन," त्या म्हणाल्या. "लेकराचा आवाज कानात नाही जात, दुधात जाते. उठनच."

आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. दार उघडलं नाही.

मला आठवतं, मी तेव्हा माझ्या मुलीच्या वेळचं आठवत होते. ती शेजारच्या घरात कुरकुरली तरी माझी चोळी ओली व्हायची. अंगण किती मोठं होतं आमचं? बैलगाडी वळेल एवढं. आणि बाळ तर टाहो फोडत होतं. झोप कितीही असो, पाच महिन्यांच्या बाळाची आई इतकी झोपत नाही.  नेमकं काय चुकतंय हे मला कळत नव्हतं, धूर नाही, वास नाही, चोर नाही, साप म्हणावा तर एवढ्या थंडीत कुठला साप?

मी बाळ घेऊन खिडकीपाशी गेले. पडदा आतून ओढलेला. ईराचं तोंड काचेला टेकेल इतकं जवळ धरलं. ती जीव खाऊन रडली.

"ताई," मी हाक मारली. "ओ ताई, लेकराले भूक लागली."

काही नाही.

"अहो, फोन लावा तिले."

ह्यांनी कुरकुरत फोन लावला. आतून गाणं वाजायला लागलं, तिच्या फोनचं, काचेपलीकडे, अगदी जवळ. वाजत राहिलं. बंद झालं. ह्यांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजलं, आणि आपोआप बंद झालं.

ह्यांचा चेहरा बदलला. तरी त्यांनी दारावर एका बोटाने टकटक केली. "मॅडम? मॅडम, सॉरी हं, जरा..."

"मॅडम मॅडम काय करता!" मी ओरडले. "लाथ मारा दाराले!"

"अवं, पण झोपल्या असतीन अन् आपन दार तोडलं तं... दार सागवानी हाये, त्याले काही होत नाही. खिडकी बी सरकत नाही, म्या पक्की..."

त्यांचं वाक्य पूर्ण झालंच नाही. मी आत्याबाईंच्या मांडीवर बाळ टाकलं, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि काचेवर घातला. एकदा, दोनदा. काच फुटायला मला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. ह्यांनी आणलेली प्रत्येक गोष्ट मजबूत होती.

फुटलेल्या काचेतून गरम हवा तोंडावर आली, मे महिन्यात घराचं दार उघडल्यासारखी. त्या हवेला कसलाही वास नव्हता. हे टोकदार काचांतून आत शिरले, हात चिरला, आतून कडी काढली. पलंगाशेजारी घमेल्यात इस्तो राखेखाली अजून लाल होता. ऋचा कुशीवर झोपली होती. गालांवर लाली, चेहरा शांत.

"पाह्य, झोपलीच हाये," हे म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. खरं तर त्यांनाच ते पटलं नव्हतं.

मी तिचा खांदा हलवला. तिचं डोकं घरंगळून माझ्या हातावर आलं, ओल्या चिंधीसारखं.

मग काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी तिच्या काखेत हात घातले, ह्यांनी पाय धरले. मला स्वतःला गरगरत होतं, उंबरठा दिसत नव्हता. आम्ही तिला अंगणात आणून उन्हात जमिनीवर टाकलं. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, गाल थोपटले, काहीबाही बोलत होते, शिव्यासुद्धा दिल्या असतील. बाजूला ईरा रडत होती. आणि आत्याबाई बाळ मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या, त्यांचे डोळे उघड्या दाराकडे, आतल्या घमेल्याकडे.

ऋचाने एकदा मोठा श्वास घेतला. मग ओकली. मी आयुष्यात कुणाच्या ओकण्याने इतकी आनंदले नाही.

तेवढ्यात जिप्सी आली. सौमित्र हसत उतरत होता, डोक्यावर ह्यांची कानटोपी, बहुतेक वाघ दिसला असावा. त्याने अंगणातलं दृश्य पाहिलं आणि तो तसाच थिजला. त्याच जिप्सीत तिला घातलं. मागच्या सीटवर ती माझ्या मांडीवर, पुढे बाळ घेऊन हे, आणि सौमित्र सारखा मागे वळून एकच विचारत होता, "काकू, श्वास आहे ना? काकू, श्वास आहे ना?"

"आहे," मी म्हणत होते. प्रत्येक वेळी तिच्या नाकाशी बोट नेऊन, मगच.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावला आणि आमच्याकडे वळले. "खोलीत काही पेटवलं होतं का? शेगडी, कोळसा?"

सौमित्रने आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"घमेल्यात इस्तो होता," मी म्हटलं. "निखारे. पण धूर पार काढला होता साहेब. जराही धूर नव्हता."

"धूर नव्हता म्हणून तर कळलं नाही. खिडकी?"

"बंद."

"झरोका वगैरे?"

ह्यांनी आपल्या चिरलेल्या हाताकडे बघितलं. "बुजवला," ते म्हणाले. "एसीसाठी."

डॉक्टरांनी सांगितलं ते इतकंच, की निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवा खेळती असली तर निघून जातो. कोंडला, की झोपलेला माणूस झोपेतच जातो. "अजून थोडा वेळ झाला असता..." असं म्हणून ते थांबले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

मी बाकावर बसले. एवढ्या पिढ्या आमच्या घरात बाजेखाली इस्तो ठेवला, दारं लावली, आणि कुणाला काही झालं नाही. मग मला आमचं जुनं घर डोळ्यांपुढे आलं. दुपारी कवेलूच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसे. पावसात जागोजागी ठेवलेली भांडी. वळचणीतून खुशाल आतबाहेर करणाऱ्या चिमण्या. गळकं होतं म्हणून आम्ही वाचलो होतो सगळे, आणि आयुष्यभर त्या घराला नावं ठेवली होती.

"कोणी ठेवलं ते घमेलं?" सौमित्रने विचारलं. त्याचे डोळे लाल होते. आवाज चढलेला नव्हता, पण ऐकून भीती वाटत होती.

"मी," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे झटकन बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईचं नाव त्या क्षणी त्या पोराच्या तोंडात जाऊ नये, एवढंच मला कळत होतं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्याने दिल्या नाहीत. तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

दुपार कलल्यावर ऋचा नीट बोलायला लागली. आधी "ईरा?" म्हणाली. बाळ तिच्या शेजारी ठेवलं तशी ती रडली. मग मला जवळ बोलावलं. काय झालं ते डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. डोकं दुखत होतं, शब्द हळू येत होते.

"काकू, आजी कुठे आहेत?"

"घरी."

"त्यांना काय सांगणार?"

मी ईराचं दुपटं नीट केलं. तो विचार मी दवाखान्यात आल्यापासून करत होते.

"सांगा, मला पित्त झालं होतं," ती म्हणाली. "उपाशी झोपले, चक्कर आली. बाकी काही नाही." तिने डोळे मिटले. "माझ्या आईनंतर कुणी माझी पाठ शेकली नव्हती हो."

घरी गेलो तेव्हा आत्याबाई चुलीपाशी नव्हत्या. चूल विझलेली होती. त्या अंगणात, फुटलेल्या काचा एकेक करून सुपात वेचत होत्या.

"कशी हाये पोरगी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"बरी हाये. पित्त झालं होतं. रिकाम्या पोटी झोपली ना."

त्यांनी हातातली काच सुपात ठेवली.

"हव," त्या म्हणाल्या. "पित्तच असंल."

त्याच आठवड्यात ह्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन दोन्ही झरोके स्वतः फोडले आणि जाळ्या बसवल्या. पुढच्या मेमध्ये पाहुणे म्हणाले, गार हवा बाहेर जाते. "जाऊ द्या," हे म्हणाले. एवढंच बोलले, आणि साध्या भाषेत बोलले. माझ्या दार वाजवण्यालाही त्यानंतर कुणी आडवं आलं नाही. ते घमेलं मात्र मला चुलीपाशी पुन्हा दिसलं नाही. उन्हाळ्यात निंबाखाली दिसलं, पाण्याने भरलेलं. चिमण्या त्यात अंघोळ करत होत्या, आणि आत्याबाई सकाळ-संध्याकाळ ते भरत होत्या.  गावात कुणाकडे बाळंतपण झालं की बोलावणं यायचं. त्या जायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, आणि शेकायची वेळ आली की "गुडघे दुखून रायले" म्हणून घरी यायच्या.

मग काही वर्षांनी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पुन्हा जानेवारी, पुन्हा तेच हिव. बाळ झालं, मुलगा. मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. स्वतःच्या नातीला शेकायला आत्याबाईंना कोण थांबवणार? आणि थांबवायचं तर कारण काय सांगायचं? मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. डॉक्टरांनी नको सांगितलंय. आजकाल तसं करत नाहीत. एकही वाक्य ओठांवर येईना. इतकी वर्षं जपलेलं खोटं आता माझ्याच तोंडून फुटणार असं वाटत होतं.

मुलीला घरी आणलं त्या सकाळी मी उठून पाहते तर तिची बाज जुन्या घरात, कवेलूखाली टाकलेली होती. खिडकी फळीच्या आधाराने उघडी. आत्याबाई स्वयंपाकघरात चुलीवर तवा ठेवून त्यावर जुन्या लुगड्याचे तुकडे गरम करत होत्या. एक तुकडा गरम झाला की तो पदरात धरून, भिंतीचा आधार घेत त्या बाजेपर्यंत जायच्या, मुलीची पाठ शेकायच्या, आणि तो थंड झाला की पुन्हा चुलीकडे यायच्या. एका खेपेत धाप लागत होती.

"आत्याबाई, मी आनतो, तुमी बसा तिच्यापाशी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तव्यावर दुसरं फडकं टाकलं, हाताने चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं,

"त्या ठान्याच्या पोरीची लेक आता केवढी झाली असंल?"

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं.

"शाळेत जाते आता. फोटो पाठवते ती दिवाळीले."

"फोटोत माय असते संग?"

"असते."

आत्याबाईंनी तव्यावरचं फडकं उचललं आणि हातांत घट्ट धरलं. गरम होतं, तरी सोडलं नाही.

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि बाजेकडे निघाल्या.